मी कापलेल्या नोटिसा

"बाबा, आपल्यावर जप्ती येणार आहे का?"

भर दुपारी, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, पाठीवरचं दप्तरही न उतरवता तिनं हे विचारलं. प्रश्न खरं तर तिचा नव्हता. शाळेत मैत्रिणींनी पैज लावली होती, "वक्तृत्वाची ढाल जिंकून आलीस ना? मग हिंमत असेल तर घरी हे विचारून दाखव!" आणि आमची पोर अशी, की पैजेवर विहिरीत उडी टाकील आणि वर येऊन पाणी किती गार आहे यावर भाषणही देईल. आवाज तर इतका खणखणीत, की तिचे बाबा तिला भोंगाच म्हणतात. त्यामुळे प्रश्न दुकानाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत पोचला. खळ ढवळणारा आईचा हात थांबला. वह्यांच्या कागदांना घड्या घालणाऱ्या मावशींच्या हातातली घडी अर्धीच राहिली. आणि बाबांनी माझा दांडा खाली ओढत आणला होता, तो मध्येच सोडून दिला.

मित्रांनो, तो मध्येच सोडायचा नसतो. मी एक जुनी कटिंग मशीन आहे. कागद कापणारी, हातानं ओढायच्या दांड्याची, ओतीव लोखंडाची. चार माणसं लावली तरी मी जागची हलत नाही. बाइंडिंगच्या या दुकानात माझं वय सगळ्यांत जास्त, मावशींपेक्षाही, आणि मावशी स्वतःचं वय कुणाला सांगत नाहीत. माझं पातं एकदा निघालं की खालपर्यंत गेलंच पाहिजे. त्या दिवशी ते वह्यांच्या गठ्ठ्यात अर्ध्यावर रुतलं. सगळा गठ्ठा वाया गेला. पण त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"तुला हे कोण म्हणालं?" बाबांनी विचारलं.

"तुमचाच कागद म्हणाला."

आता हे नीट कळायला माझी जन्मकथा थोडीशी ऐकावी लागेल. घाबरू नका, लांबण लावणार नाही. जे लांब असेल ते कापायचं, हाच तर माझा धंदा.

मी एका ओतशाळेत जन्मले. लाल रसासारखं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि थंड झाल्यावर हातोड्यानं साचा फोडून मला बाहेर काढलं. ते हातोडे मला अजून आठवतात. मग घासूनपुसून, हिरवा रंग देऊन, लाकडी खोक्यात खिळे ठोकून मला पाठवून दिलं. खोकं उघडलं ते याच दुकानात. तेव्हाचे मालक म्हातारे होते, बोलायला कडक. त्यांनी माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला, रक्ताचा थेंब आला तो चोखला आणि म्हणाले, "जमेल आपलं."

त्या म्हाताऱ्या मालकांचा एकच मंत्र होता, कागदाची कोरी बाजू फुकट जाता कामा नये. एका बाजूला छापलेला कागद दिसला की तो माझ्याखाली यायचा, चार तुकडे व्हायचे, पाठीला खळ लागायची आणि कच्च्या कामाचं पॅड तयार. हिशेब जुळवायला, निरोप लिहायला, पोराबाळांना रेघोट्या मारायला. बाबा विशीत या दुकानात कामाला लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना शिकवलं ते हेच. पुढे म्हातारे मालक थकले, आणि बाबांनी सहा वर्षं थोडे थोडे पैसे देऊन मला आपली केली. शेवटचे पैसे दिले त्या दिवशी ते माझ्या दाबाच्या चाकाला टेकून उभे राहिले आणि एकटेच हसले. अगदी वेड्यासारखे.

ती वर्षं माझी सुखाची. शाळांच्या वह्या, दवाखान्यांची रजिस्टरं, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, सगळ्यांच्या कडा मी सरळ केल्या. एक मास्तर तर नवी वही हातात घेतली की आधी कडेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "लोण्यातून सुरी गेली जणू!" माझं पातं दर दोन महिन्यांनी धारेला जायचं. दर शनिवारी मला तेल मिळायचं. पोर तेव्हा एवढीशी होती, माझ्याखालच्या कातरणाच्या ढिगात बसून पांढऱ्या पांढऱ्या पट्ट्या हातांनी उधळायची आणि आई ओरडायची.

मग वाईट दिवस आले, तेही हळूहळू, पायांचा आवाज न करता. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक कॉलेज. दर वर्षी शेकडो रजिस्टरं. एक वर्ष त्यांनी ढीगभर माल नेला आणि बिल थकवलं. दुसऱ्या वर्षी सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि आमच्याकडे पाठ फिरवली. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! बिलावर बाबांनी कर लावला होता. कॉलेजनं बिल दिलं नाही, पण बिल फाडलं म्हणजे कर खात्याला कर द्यायलाच हवा. बाबांनी विचार केला, पैसे आले की भरू. पैसे आले नाहीत. मग वर्षाचं विवरणपत्र भरायची वेळ आली. ते भरलं तर कर भरला नाही हे दिसणार, म्हणून तेही भरलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी नाही. एक खोटी पायरी चुकवायला माणूस जिना उतरतच राहावा, तसं.

मग नोटिसा यायला लागल्या.

टपाल दुकानावर यायचं. बाबा पाकीट फोडायचे. कर खात्याचा शिक्का दिसला की कागद चटकन उलटा करायचे. मागची बाजू कोरी! झालं. कागद माझ्याखाली. दाबाचं चाक फिरवलं, दांडा ओढला, चार तुकडे. पाठीला खळ. त्यांचा चेहरा त्या वेळी असा निवांत व्हायचा, जणू एक कर्तव्य पार पडलं. काटकसरही झाली आणि कागदही दिसेनासा झाला! तीन वर्षांत सात नोटिसा आल्या आणि सातही मी कापल्या. मला वाचता येत नाही, असं म्हणून मला सुटता येणार नाही. दांडा ओढण्याआधी ते दाराकडे वळून बघायचे, कुणी येत नाही ना म्हणून, ते मला कळत होतं. कळत असून मी कापलं. लोखंडाला तोंड नसतं हे खरं, पण त्या वेळी असायला हवं होतं.

ती पॅडं पोरीच्या दप्तरातून शाळेत गेली. गणिताच्या तासाला मैत्रिणीनं एक पान मागितलं. तिनं फाडून दिलं. मैत्रिणीनं पान उलटलं तर मागे छापलेलं, "विषय : जप्तीपूर्वीची अखेरची सूचना." खाली दुकानाचं नाव. वर्गात हशा पिकला आणि पैज लागली.

तर त्या दुपारी गिऱ्हाइकं "नंतर येतो हं" म्हणत सटकली.

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "झाकली मूठ असू दे."

"कुणाची मूठ?" आई म्हणाली. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "तीन वर्षं विचारतेय, तुम्ही जेवता जेवता थांबता का. पित्त म्हणालात. मी रोज जिरं उकळून दिलं. अहो, उघडा ती मूठ."

बाबांनी सांगितलं. उभ्यानं सुरुवात केली आणि बसून संपवलं. मावशी मान खाली घालून घड्या घालत राहिल्या, पण घड्या सगळ्या वाकड्या. पोर दप्तर छातीशी धरून उभी होती. पैज जिंकली होती, आणि जिंकलेल्या माणसाचं इतकं पांढरं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून परस्पर वकीलबाईंकडे गेली. कुणाला न विचारता. त्या बाईंचे ग्रंथ आम्ही वर्षानुवर्षं बांधत आलो होतो. संध्याकाळच्या आत ती त्यांना घेऊनच आली. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी. खुर्ची नको म्हणाल्या, कागदाच्या रिमांवरच बसल्या.

"नोटिसा दाखवा."

आईनं बाबांकडे बघितलं. शेवटी बाबांनी फळीवरच्या पॅडांकडे बोट केलं. "त्या... कापल्या."

बाईंनी एक पॅड उचललं, पानं उलटीसुलटी केली. "तीस वर्षांच्या वकिलीत नोटिसा जाळलेल्या बघितल्या, फाडलेल्या बघितल्या. एका महाभागानं तर गिळली होती. पण वह्या केलेल्या पहिल्यांदाच बघतेय." मग कडेवर बोट फिरवून म्हणाल्या, "आणि कापल्यायत किती सरळ!"

मावशींना हसू फुटलं. बाबांनी तोंड हातांत लपवलं.

"रडायला वेळ आहे की नाही तेच मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ऐका. शेवटच्या आदेशावर हरकत घ्यायला साठ दिवस मिळतात. साठाव्या दिवसानंतर ते मागतील तेवढं द्यायचं, नाही तर ही मशीन, ही कात्री, हे स्टूलसुद्धा उचलून नेतील. तारीख कोणती, ते त्या कागदावर आहे. खात्याकडे नक्कल मागितली तर महिना जाईल. तेव्हा तुकडे शोधा."

"तुमची फी?" आईनं विचारलं.

"घेणार तर. फुकटचा सल्ला कुणी पाळत नाही. माझ्या दोनशे जुन्या फायली सुटायला आल्यायत, त्या बांधून द्या. आणि हो, यापुढे खोटं एक अक्षर बोललात तर मी उठून जाईन."

मग शोधाशोध सुरू झाली. सात नोटिसांचे अठ्ठावीस तुकडे. पोरीच्या दप्तरातून अकरा निघाले, बीजगणितानं भरलेले. आईच्या किराण्याच्या याद्यांतून सहा. फळीवरच्या पॅडांतून, गल्ल्यातून, खिळ्याला टोचलेल्या निरोपांतून, टेबलाच्या डुगडुगत्या पायाखालून नऊ. एकात मावशी गुडघेदुखीच्या गोळ्या गुंडाळून घरी घेऊन गेल्या होत्या. तो त्यांनी धापा टाकत आणून दिला. "मला काय माहीत, मी सरकारी कागदातून गोळ्या खातेय! तरीच गुण येत नव्हता." सत्तावीस झाले. अठ्ठाविसावा, तारखेचा तुकडा, मैत्रिणीकडे होता.

शाळेत काय झालं ते मी बघितलं नाही. पोरीनं परत येऊन मावशींना सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे.

"पान मागितलं तर मैत्रिणी म्हणाल्या, आधी सांग, पैज पुरी केलीस का. मी म्हटलं, केली. मग म्हणाल्या, उत्तर काय मिळालं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. हो, येणार आहे म्हणून. बाबांनी तीन वर्षं कर भरलेला नाही. आता ते पान द्या, त्यावर तारीख आहे." पोरीनं नाक ओढलं. "मावशी, कुणी हसलंच नाही गं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या पानाच्या कोऱ्या बाजूवर पैज लिहिलेली होती, 'विचारलंस तर आठवडाभर आमचे डबे तुझे', आणि खाली सहा सह्या. उलट्या बाजूला तारीख. वकीलबाईंनी बोटांवर मोजलं. आज चोपन्नावा दिवस होता.

सहा दिवस उरले. त्या सहा दिवसांत माझ्याकडून एकही कागद कापला गेला नाही. जन्मभर मी तोडायचं काम केलं, आता समोरच्या टेबलावर सगळे मिळून जोडत होते आणि मी नुसती बघत होते. बाबांनी कात्रीनं पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या, विरळ खळ केली आणि एकेक नोटीस पाठीमागून सांधली. त्यांचा हात म्हणजे काय सांगू! सांधा कुठे आहे ते बोटालाही कळू नये. पण आता प्रत्येक नोटीस जोडताना त्यांना ती वाचावी लागत होती. पहिली नोटीस अगदी सौम्य होती. 'आपणास काही अडचण असल्यास कार्यालयात येऊन भेटावे.' हे वाक्य बाबांनी दोनदा वाचलं. मग पट्टी हातातच धरून ते बराच वेळ बसले, इतका वेळ की खळ वाळली आणि पट्टी फेकावी लागली.

आईनं ऑर्डरची वही काढली. बाबा कर खात्याला घाबरले असतील, पण कामाची नोंद त्यांनी एका दिवसाचीही चुकवलेली नव्हती. त्या वहीवरून तीन वर्षांची विवरणपत्रं तयार झाली. आई आकडे वाचायची, पोर बेरीज करायची, वकीलबाई दर संध्याकाळी येऊन चुका काढायच्या. एकोणसाठाव्या दिवशी दुपारी हरकतीचा अर्ज दाखल झाला. अर्जासोबत तडजोडीची विनंती.

तीन आठवड्यांनी कर खात्याचे साहेब दुकान बघायला आले. मला वाटलं होतं कुणी राक्षस येईल. आला तो दोरीला चष्मा बांधलेला, दमलेला माणूस, दिवसभर जिने चढून पाय दुखल्यासारखा. त्यांनी खिशातून चिकटपट्ट्या काढल्या आणि वस्तूंना नंबर लावले. शिलाईच्या चौकटीला एक, दाबयंत्राला दोन, कपाटाला तीन. माझ्या कपाळावर चार. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी काही चिकटवलं नव्हतं कुणी.

मग ते जोडलेल्या नोटिसा बघायला बसले. एक उलटी केली, चष्मा वर घेतला. "हे तिसरं उदाहरण चुकलंय."

"माहितीये," पोर म्हणाली. "शाळेतल्या बाईंनी गोल केलाय त्याला."

साहेबांनी पैजेचं पानही वाचलं. सहाही सह्यांसकट. "डबे मिळाले का?"

"मी नाही घेतले."

त्यांनी ते पान जपून जागेवर ठेवलं. त्यानंतर त्यांचा आवाज थोडा खाली आला. लक्षात ठेवा, फक्त आवाज. आकडा नाही.

घासाघीस कशी चालली ते वकीलबाईंनी आधीच पोरीला सोपं करून सांगितलं होतं. समजा ते शंभर मागतायत. त्यात पन्नास कर, वीस व्याज, तीस दंड. पण हा कर त्यांनी अंदाजानं लावलेला, आपल्या सगळ्यांत चांगल्या वर्षावरून. खऱ्या वहीप्रमाणे तो निघतो अठ्ठावीस. तो अठ्ठावीस द्यायचाच, त्यात एक पैसा कमी मागायचा नाही. भांडायचं ते व्याज आणि दंडासाठी.

"अठ्ठावीस मान्य," साहेब म्हणाले. "व्याज बारा. दंड पंधरा. पंचावन्न होतात."

"दंड कशाचा?" वकीलबाई.

"लपवल्याचा."

"लपवलं असतं तर ही वही तुम्हाला दिसली असती? हा माणूस घाबरला. भित्रेपणाला दंडाचं कलम कुठलं ते दाखवा, मी आत्ता पंधरा मोजते."

"बाई, मला वरती उत्तर द्यावं लागतं. सात नोटिसा गेल्या, एकीलाही उत्तर नाही. मी काय लिहू, यांनी त्यांच्या वह्या केल्या म्हणून?"

"तेच लिहा. खरं तेच आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "नाही तर मग ही विकून टाकू. चांगलं लोखंड आहे."

"विका की. हिचे तेरा येतील फार तर. बाकीचे कुठून काढणार? हा दुसऱ्याच्या दुकानात पगारावर राबेल आणि तो पगार यांच्या पोटालाच पुरणार नाही. गाय विकायची आणि मग दारात लोटी घेऊन उभं राहायचं, असं करताय तुम्ही."

बाबा मध्येच उभे राहिले. मला वाटलं रडतील. पण ते म्हणाले, "साहेब, पहिल्या नोटिशीत लिहिलं होतं, अडचण असल्यास येऊन भेटा. मी आलो नाही. ती चूक माझी. त्याचा थोडा दंड मला लागायलाच हवा."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी मात्र चष्मा लावला आणि पंधराचा आकडा खोडला. शेवटी व्याज दहा झालं, दंड पाच. त्रेचाळीस. महिन्याभरात तेरा एकदम, आणि उरलेले तीस तीस महिन्यांत, दर महिन्याला एक. एकही हप्ता चुकला तर सगळा शंभराचा आकडा पुन्हा जिवंत होणार.

"मी शिफारस करतो," साहेब उठले. "मंजुरी वरून येईल."

दहा दिवसांनी पाकीट आलं. बाबांनी ते फोडलं, शिक्का बघितला आणि हात सवयीनं कागद उलटायला लागले.

"अहो," आई हळूच म्हणाली, "पुढची बाजू."

त्यांनी मोठ्यानं वाचलं. मंजूर. अट एकच, पहिले तेरा कुठून भरणार ते सोमवारपर्यंत लेखी कळवावं.

वकीलबाईंनी सांगितलं, दोनच वाटा आहेत. मला विकलं की तेरा मिळतील. किंवा राहत्या भाड्याच्या खोल्या सोडल्या की डिपॉझिट परत मिळेल, तेही जवळपास तेवढंच, शिवाय दरमहा भाडं वाचेल आणि त्यातून हप्ता निघेल. मग राहायचं कुठे? दुकानाच्या माळ्यावर. माळा म्हणजे पुठ्ठ्यांची अडगळ. माणूस ताठ उभा राहू शकत नाही, उन्हाळ्यात पत्रा तापतो.

"पोरीला गेल्याच वर्षी स्वतःची खोली मिळालीय," बाबा म्हणाले. "पुढचं वर्ष तिचं शाळेचं शेवटचं. तिच्या डोक्यावरचं छप्पर मी माझ्या भित्रेपणापायी काढून घेणार नाही. मशीन काय, लोखंडच आहे."

आईनं घट्ट झालेली खळ पुन्हा जोरजोरात ढवळायला घेतली. 

शुक्रवारी बाबांनी माझं पातं उतरवून धारेला नेलं. दीड वर्षानं. शनिवारी सकाळी तेल घातलं, सांध्यासांध्यातली कागदाची धूळ ब्रशनं काढली, हिरव्या रंगावरून फडकं फिरवलं. चार नंबरची पट्टी नखानं खरवडली. ज्या मायेसाठी मी इतके दिवस आसुसले होते ती सगळी एकदम मिळाली आणि मला कळलं, की चार वाजता मला बघायला कुणी तरी येणार आहे.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. वस्तू काय आणि माणूस काय, निरोप द्यायच्या दिवशी त्याला तेलपाणी करून काय उपयोग? रोज थोडं थोडं बघा. कुरकुर ऐकू आली की तेव्हाच विचारा. तुमच्या घरात कुणी जेवता जेवता थांबत असेल, कुठला कागद उलटा करून ठेवत असेल, तर पैजेची वाट बघू नका. तुमच्या प्रश्नानं त्याला लाज वाटेल, रागही येईल. पण माझ्यासारखं मुकाट्यानं कापत राहू नका. मी कापलं आणि तीन वर्षांत अठ्ठाविसाचे शंभर झाले.

शनिवारी शाळा अर्धीच असते. पोर आली, माझ्याकडे बघितलं, चमकते आहे हे बघितलं.

"कोण येणार आहे?"

"एक बाइंडर. शेजारच्या गावचा," बाबा म्हणाले. तिच्याकडे न बघता. "चांगला माणूस आहे. नीट वापरेल."

"आणि तुम्ही?"

"त्याच्याकडेच लागतोय. पगारावर."

तिनं दप्तर टाकलं आणि शिडी चढून माळ्यावर गेली. वरून पुठ्ठे सरकवल्याचे आवाज आले. धुळीचा लोट खाली मावशींच्या घड्यांवर आला.

"अगं भोंग्या, काय पाडतेस? माझी मान आहे खाली!"

वरून शिंक आली. दोन शिंका आल्या. डोकं आपटल्याचा आवाज आला. मग ती उतरली, केसांत जळमटं, हातात मोजपट्टी, आणि तशीच दुकानाबाहेर गेली. आई दारापर्यंत धावली. "कुठे चाललीस?"

अर्धा तास गेला. बाबा माझ्या दांड्यावर हात ठेवून उभे होते. पावणेचार वाजले.

ती धावत आली. घामानं डबडबलेली. पायरीवरच थांबली, श्वास घेतला, आणि वक्तृत्वाच्या ढालीलाही ऐकू गेला नसेल इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"आई, बाबा, मी घरमालकीणबाईंना सांगून आलेय. महिनाअखेरीला आपण खोल्या सोडतोय, डिपॉझिट काढून ठेवा म्हटलं. माझं टेबल माळ्यावर मावत नाही, मी मोजलं. ते त्यांच्या मुलीला विकून टाकलं. मशीन विकायची नाही."